घरात माणसं किती?

बीदरला मैलूर भागात आमच्या घराजवळ करडईचा लाकडी घाणा आहे. मालकाचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्याला अण्णा म्हणतात. तेल मागितलं की तो गिऱ्हाइकाच्या भाषेत, मराठी, कानडी, उर्दू, आधी एकच विचारतो, "घरात माणसं किती?" मग माणशी अर्धा लिटर, महिन्याचं. वर थेंबभर नाही.

परवा तिथं दोन निवृत्त मास्तर हमरीतुमरीवर आले होते. एकांच्या मते तुपानं हृदय बळकट होतं. दुसऱ्यांना शुगर, ते म्हणत, तूप विष, करडई अमृत. शेवटी निवाडा अण्णाकडे आला. तो करडईचीच बाजू घेणार, असं मला वाटलं.

धोतराला हात पुसत तो म्हणाला, "चांगलं हाय म्हणून काय प्यायचं हाय का, मास्तर? मोजून खावा."

मला दिवाळीच्या फराळासाठी जास्त तेल हवं होतं. घरी आम्ही तिघं; मी पाच माणसं सांगितली.

"नावं सांगा," अण्णा म्हणाला.

तीन नावांनंतर मी अडखळलो. त्यानं दीड लिटर भरून शांतपणे बूच लावलं. "तुमालाबी शुगर हाय न्हवं? मग खोटं कामून बोलायलाव?"

काल घरी आलेल्या लातूरच्या मेव्हण्याला मी ही माझी फजिती हौसेनं सांगितली. तो म्हणाला, "असा धंदा चालतो होय?"

"उद्या सकाळी चल," मी ताठ मानेनं म्हणालो, "रांगेत जागा मिळाली तर बघ."