आधी मिल, मग मांडू

समोरच्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळायची आणि निकाल द्यायचा, "पॉपलिन आहे. पण धागा कच्चा, भिया." नाव-गाव विचारायच्या आधी भाऊंचं हे असं. मध्य प्रदेश बघायला पुण्याहून आलेली मंडळी दचकायची. तुम्हीही दचकला असता.

भाऊंनी इंदूरच्या मिलमध्ये उभा जन्म माग चालवला. मिल बंद पडली तेव्हा ते आमच्या स्नेहलतागंजच्या ट्रॅव्हल ऑफिसात गाइड झाले. सहलीचा कागद मी टाइप करायचो: पोहे-जिलबी, पाताळपाणीचा धबधबा, मांडूचे महाल, जेवायला दाल-बाफले. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी सगळ्यात वर एक ओळ घालायला लावली. 'मिलचं गेट, दहा मिनिटं.'

"आधी मिल, मग मांडू," असं ते रोज म्हणायचे.

कुलूप लागलेल्या गेटपाशी सगळ्यांना उतरवायचे. एकदा एक बाई कुरकुरल्या, "बंद गिरणीत काय बघायचं?"

"मांडू कौनसा चालू आहे, ताईजी? राजा गेला, राणी गेली, तरी तिकीट काढून बघताच ना? इथं तर कापड विणणारा खुद उभा आहे. विचारा!"

बाईंनी खरंच विचारलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली.

पुढे महू आलं की मात्र हा बडबड्या माणूस गप्प होऊन हात जोडायचा. भाऊंचे वडील तिथल्या पलटणीतले.

शेवटी कुणीतरी तक्रार केलीच. मालकांनी भाऊंना बोलावलं. "लोक घूमायला येतात, मातम करायला नाही. उद्यापासून गेट बंद, नाहीतर तुम्ही बंद."

भाऊंची मुलगी कॉलेजात होती, दुसरं काम नव्हतं. मला वाटलं, ऐकतील. भाऊंनी ऑफिसचा पडदा चिमटीत धरला. "हा आमच्याच मिलचा, मालकजी. इतकी सालं झाली, फाटला का? मी पण नाही फाटणार." आणि चालते झाले.

ती ओळ मी खोडली. नोकरी मलाही हवी होती. त्याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी गाइड म्हणून मी गाडीत, आणि गेटवर भाऊ, इस्त्रीचा सदरा घालून. ड्रायव्हरनं कुणाला न विचारता ब्रेक मारला. भाऊंनी मंडळींना उतरवलं, सगळं दाखवलं, बक्षिसी घेतली नाही.

"मांडू तू दाखव," मला म्हणाले, "मिल माझी."

मग हे रोजचंच झालं. सकाळी भाऊ गेटवर, नंतर टेलरच्या दुकानात काज-बटणाच्या कामावर. मालकांना आम्ही सांगायचो, इंजिन तापलं होतं.

एका सकाळी गेटवर कुणी नव्हतं. भाऊ आदल्या दिवशीच वारले, असं शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं. गाडी थांबलेलीच होती. मी उतरलो आणि पहिल्या पाहुण्याची बाही चिमटीत धरली. कापडातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी अंगठ्यानं चोळली.

संध्याकाळी कागद नव्यानं टाइप केला. ती ओळ सगळ्यात वर घातली आणि मालकांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत ठेवला.