चौदा लाल रेघा
ऑफिसात सगळे त्यांना टायपिस्टताई म्हणत. टायपिंग क्लासच्या बाईंनी हातांवर रुमाल टाकून शिकवलेली बोटं ती. चोवीस वर्षं इंग्रजी पत्रं बडवली, कधी खाली कळांकडे बघितलं नाही. पण शिक्षण मराठी शाळेतलं, तेव्हा इंग्रजी कच्चं असणार, हे नव्या साहेबांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

पत्रं आता ब्राउझरमध्ये लिहायची. ताईंच्या शब्दांखाली लाल रेघा उमटत. साहेब रोज पाच वाजता खुर्चीमागे उभे राहून त्या मोजत आणि वहीत मांडत.

बुधवारी ते म्हणाले, "चौदा. शुक्रवारी पाचपेक्षा जास्त रेघा दिसल्या तर तुम्ही रेकॉर्डरूममध्ये. इंग्रजी पत्रं जावकवाले बघतील."

शेजारच्या जावक कारकुनाच्या पडद्यावर मात्र एकही रेघ नसायची.

"ताई, कशाला जिवाला लावून घेता?" तो कुजबुजला. "रेघ दिसली की माउसचं उजवं बटण दाबायचं आणि शब्द ब्राउझरच्या शब्दकोशात टाकायचा. गप्प बसते बिचारी."

"आणि शब्दच चुकलेला असला तर?"

"तोही गप्प बसतो."

ताईंनी खणातला तपकिरी कव्हर घातलेला जुना शब्दकोश काढला. चौदापैकी तेरा शब्द जसेच्या तसे त्यात होते. मुख्य कार्यालयाच्या पत्रांतही तसेच. मग मी का बदलू? त्यांचं डोकं तापलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून, मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन त्यांनी ब्राउझरची सेटिंग्ज उघडली. भाषांच्या यादीत एकटी अमेरिकन इंग्रजी ठाण मांडून बसलेली. मुख्य कार्यालयाला ब्रिटिश हवी. ताईंनी ती यादीत घातली, तिची शब्दतपासणी चालू केली, अमेरिकनची बंद केली. ब्राउझर मिटून पुन्हा उघडला. एकच रेघ उरली.

"ही माझी," म्हणत त्यांनी तो शब्द सुधारला.

शुक्रवारी साहेब वही घेऊन आले. "एकही नाही? शब्दकोशात ढकललेत सगळे?"

"नाही साहेब. मशीन अमेरिकन इंग्रजी तपासत होतं, पत्रं ब्रिटिश इंग्रजीत जातात. भाषा बदलली."

"तुम्हाला कोणी सांगितलं हे करायला?"

"कोणी नाही. तुम्ही रेघा मोजत होता, त्या का येतात ते बघत नव्हता."

साहेबांचा चेहरा उतरला. ताई तोवर जावक कारकुनाच्या कॉम्प्युटरपाशी गेल्या होत्या. तो "ताई, राहू द्या हो" म्हणेपर्यंत त्यांनी तिथली भाषा बदलली आणि त्यानं शब्दकोशात टाकलेले शब्द एकेक करून काढून टाकले. त्याचं पत्र गोवर आल्यासारखं लाल झालं.

"मोजा साहेब," ताई म्हणाल्या.

साहेबांनी मोजायला सुरुवात केली, अकराव्या रेघेला थांबले आणि वही मिटली. इंग्रजी पत्रांचा गठ्ठा त्यांनी स्वतः उचलून ताईंच्या टेबलावर ठेवला.

"सोमवारी माझ्या कॉम्प्युटरवरही करून द्या," ते हळूच म्हणाले.

"देते की. पण तुमच्या रेघा मी मोजणार."