बर्फातला नारळ

बर्फ बघायची हौस मला कधीच नव्हती. लालबागमध्ये माघातही ज्यांचा पंखा तीनवर असतो, त्यांनी कशाला जावं थंडी शोधायला? पण यांचं वर्षश्राद्ध झालं आणि मुलानं परस्पर मनालीची तिकिटं काढली. म्हणाला, तुला जरा चेंज हवा. घरातलं माणूस गेलं हा चेंज कमी होता की काय, असं ओठांवर आलं होतं, ते गिळलं आणि बॅग भरली. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि मी. स्वेटरच्या घडीत एक नारळ घातला आणि कुणाला सांगितलं नाही.

आम्ही कोकणातले. नव्या जागी गेलं की तिथल्या राखणदाराला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांना सांभाळ म्हणून सांगायचं. आमच्याकडे हे काम यांचं. चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही वर राहायला गेलो, तेव्हा यांनी लिफ्टसमोर उभं राहून खणखणीत गाऱ्हाणं घातलं होतं. वॉचमनसुद्धा टोपी काढून उभा राहिला. हे एकेक वाक्य म्हणायचे आणि आम्ही मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. संसाराची एक्केचाळीस वर्षं मी तेवढे दोनच शब्द म्हटले. गाऱ्हाणं घरातल्या पुरुषानं घालायचं, अशी रीत. म्हणजे आता मुलानं. त्याच्या तोंडून ते एकदा ऐकायचं होतं, म्हणून तर मी निघाले. नाहीतर यांचं घर यांच्याबरोबरच संपलं, असं मला वर्षभर वाटत होतं.

होळी आठवड्यावर आली होती. बर्फ खालून वितळायला लागला होता आणि वाटेत सगळा चिखल. रस्त्याकडेच्या दुकानातून भाड्याचे कोट आणि गमबूट घेतले. माझ्या कोटाच्या पाठीवर त्रेसष्ट नंबर होता आणि खिशात कुणाचातरी चॉकलेटचा कागद. वर पोचलो तर स्कीवाले मागे लागले. आमच्यात कुणाला साधं सायकलवर धड बसता येत नाही. तरी मुलानं आणि सुनेनं स्की पायात चढवल्या, काठ्या धरल्या, फोटो काढून घेतला आणि जागचे न हलता उतरवल्या. मला हसू आलं. वळून यांना दाखवायला गेले, तर शेजारी नुसती प्लास्टिकची खुर्ची. असं माझं अजून होतं, दिवसातून दोन-तीनदा तरी.

नात चाकासारख्या मोठ्या रबरी ट्यूबमध्ये बसून घसरत होती. आई-बाप तिच्या मागे मोबाइल घेऊन. मी चहाच्या टपरीपाशी तासभर बसले. त्यांचं काही चुकत नव्हतं, मधूनमधून हात करत होते. पण लांबून सगळे कोट सारखेच दिसतात. त्यातलं आपलं माणूस कुठलं, तेही मला कळेना.

मुलगा चहा प्यायला आला तेव्हा मी नारळ बाहेर काढला. तो आधी हसला, मग इकडेतिकडे बघायला लागला.

“आई, इथे कुठे? लोक बघतायत यार.”

“बघू देत. तू घाल गाऱ्हाणं. मी आहे ना मागून म्हणायला.”

त्यानं नारळ हातात घेतला. शेंडी कुठे करायची तेही त्याला ठाऊक नव्हतं. एकदा उलटसुलट फिरवला आणि मला परत दिला.

“मला शब्दच येत नाहीत गं. बाबा होते ना. मी कधी नीट ऐकलंच नाही.”

राग आला. त्याचा आला, यांचाही आला. मुलाला इंग्रजी शाळेत घालायला घाई केली, आणि हे तेवढं शिकवायला सवड झाली नाही. तेवढ्यात नातीनं हाक मारली आणि तो सुटल्यासारखा पळाला.

मी उठले. टपरीच्या मागे, जिथे कुणी घसरत नव्हतं तिथे गेले. नारळ दोन्ही हातांत धरला. शब्द येतील की नाही याची धाकधूक होती, पण आले. यांचेच आले, यांच्याच हेलात.

“बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या डोंगरार आज आमी परकी माणसा इलंव. काय चुकला माकला तर पदरात घे. लेकरांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा.”

आणि थांबले. तिथे थांबायचंच असतं, मागच्यांसाठी. वारा होता, ट्यूबवाल्यांचा आरडाओरडा होता. मी वाट बघत राहिले, आणि कोणाची ते ध्यानात आलं तेव्हा रडू फुटलं. मग नाक पुसलं आणि माझं नेहमीचं काम मीच केलं. हळू आवाजात म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

नारळ आपटला तर तो फुटेचना. फक्क करून बर्फात रुतला. काढून पुन्हा आपटला, आणखी खोल गेला. त्या एवढ्या मोठ्या डोंगरात नारळ फोडायला एक दगड सापडेना. हे असते तर माझी टिंगल करत आठवडा काढला असता. शेवटी होता तिथेच राहू दिला, शेंडी तेवढी वर काढून ठेवली.

गाडीत नात माझ्या मांडीवर झोपली. मुलगा पुढे बसला होता. मागे न वळताच म्हणाला, “घातलंस?”

“घातलं,” मी म्हटलं.

मागून ‘व्हय’ कोण म्हणालं, ते त्यानं विचारलं नाही.