उलटी ठेवलेली इमारत

ऑफिसात, घरात, साइटवर, सगळीकडे ती पट्टीताई. अंबाड्यात पिनेऐवजी सहा इंची पट्टी खोचायची तिची कॉलेजपासूनची खोड. पन्नाशी उलटली, वास्तुकलेची पदवी भिंतीवर पिवळी पडली, तरी तिच्या वाट्याला आले ते दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने, पार्किंग आणि वॉचमनच्या केबिनी. स्वतःची म्हणावी अशी अख्खी इमारत एकही नाही. बाई हसतमुख खरी, पण हे मनात सलत होतंच.

त्यामुळे आत्याच्या बिल्डिंगशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर इमारत उभारायचं काम प्लॉटच्या मालकांनी तिला दिलं, तेव्हा ती भर रस्त्यात एकटीच हसत सुटली. आत्याची बिल्डिंग म्हणजे तिचं पहिलं प्रेम. तीन मजले, सपाट छत, या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांची रांग, दारावर बिस्किटाएवढा पातळ छज्जा आणि मागच्या जिन्याला सिमेंटची जाळी. आत्या नवी नवरी होऊन तिथं आली तेव्हा ही बिनानक्षीची कोरी इमारत बघायला लोक वाट वाकडी करून येत. आता ती म्हातारी झाली होती, पण ताठ होती, आत्यासारखीच.

फक्त एक मेख होती. नव्या इमारतीचा रस्ता जुनीच्या आवारातून जाणार, म्हणजे तिथल्या रहिवाशांचा होकार हवाच. पहिला आराखडा तिने हुबेहूब जुनीसारखा केला, तर जुन्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींना ती नुसती नक्कल वाटली. दुसरा सगळा काचेचा. त्यावर आत्याने सांगून टाकलं, की हा काळा चष्मा लावून आलेला पाहुणा, बघतोय कोणाकडे तेच कळत नाही. तिसऱ्यांदा नकार आला तर काम दुसऱ्या ऑफिसकडे जाईल, असं मालकांनी अगदी गोड आवाजात बजावलं.

मग पट्टीताईने जिवाचं रान केलं. इमारतीची पुढची बाजू ठेंगणी, मागची उंच. आणि जुनीचं छत जिथं संपतं त्याच उंचीवर नव्या इमारतीच्या उंच भागाला चारही बाजूंनी एक लांब गॅलरी, जणू थोरल्या बहिणीने बोलायला सुरुवात केली आणि धाकटीने तेच वाक्य पुढे नेलं. पुठ्ठ्याचं मॉडेल तिने दोन तुकड्यांत केलं, कारण एकसंध मॉडेल गाडीत मावेना. जुनी बिल्डिंग पाटाला चिकटवलेली, नवी सुटी.

बैठक आत्याच्याच हॉलमध्ये भरली. पट्टीताई पडदे ओढत होती, तेवढ्यात आत्याला पाटावर धूळ दिसली. धूळ दिसली की आत्याचा हात थांबत नाही. तिने नवी इमारत उचलली, पाट पुसला आणि इमारत परत ठेवली. कोणाचं लक्षही गेलं नाही.

पट्टीताईने टॉर्च लावला आणि सूर्य म्हणून तो हळूहळू पश्चिमेकडे नेला. मावळतीचा उजेड नव्या इमारतीच्या ठेंगण्या बाजूवरून थेट जुनीच्या जिन्याच्या जाळीत शिरला होता आणि पलीकडच्या पुठ्ठ्यावर उजेडाचे इवलेसे चौकोन पडले होते. सगळे पुढे वाकले. कोणीतरी हळूच म्हणालं, की संध्याकाळी आपल्या जिन्यात अगदी असंच दिसतं.

पट्टीताईच्या आराखड्यात तिथं उंच बाजू होती आणि जिन्यात काळोख. रस्त्यावरून छान दिसावं म्हणून ती महिनोन्महिने झटली होती आणि नेमकी पाठीमागे बघायला विसरली होती. गप्प बसली असती तरी खपून गेलं असतं. पण तिला हसू फुटलं, ते थांबेचना.

“हे उलटं ठेवलंय,” ती कशीबशी म्हणाली. “मी असं काढलंच नव्हतं. माझ्या इमारतीने तुमचा जिना काळोखात गेला असता.”

मालकांनी डोक्याला हात लावला. सेक्रेटरी मॉडेलभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांनी शंका काढली, की मग दार कचराकुंडीकडे जातंय त्याचं काय.

“दार मी फिरवते. जिनेही फिरवते. सगळं फिरवते, पण इमारत आता अशीच राहणार,” पट्टीताई म्हणाली, आणि आपल्या आवाजातला ठामपणा ऐकून तीच चकित झाली.

हात वर झाले. आत्याने दोन्ही वर केले, तेव्हा सेक्रेटरींनी एका घराला एकच मत असतं याची आठवण करून दिली. तरी होकार भरभक्कम होता. मालकांनी तिथल्या तिथे हात जोडले आणि कामाला लागा म्हणाले.

पट्टीताई धावत जिन्यात गेली आणि पायरीवर बसून हसता हसता रडायला लागली. आत्या एकेक पायरी सांभाळत खाली आली आणि तिच्या शेजारी टेकली.

“उद्यापासून सुरू कर गं,” ती म्हणाली. “ही बिल्डिंग थांबेल तुझ्यासाठी. मी काही सिमेंटची नाही.”

पट्टीताईने डोळे पुसले आणि उद्या कशाला, आत्ताच, म्हणत ती मॉडेल आणायला वर पळाली.