आप्पांची केळी आणि लताची तारीख

आमच्या दवाखान्यात लोक रोज काही ना काही विसरून जातात. छत्री, चष्मा, पाण्याची बाटली. एकदा तर एक जण सासूलाच विसरून गेला होता! हे सगळं न्यायला लोक परत येतात. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही. ते माझ्याच काउंटरवर साचत राहतात.

मी शहाद्यात बायकांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला आहे. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायका आमच्याकडे जास्त. पुन्हा पुन्हा यावं लागतं, त्यामुळे समोरच्या लांब बाकावर त्यांच्या ओळखी होतात, डबे वाटून खाल्ले जातात. "तिथे हसण्यासारखं काय असतं गं?" असं माझी बहीण विचारते. अगं, रडून रडून माणूस थकतं, मग हसतंच!

*

आमच्या डॉक्टर मॅडमचा पहिला नियम, तपासणी दोघांची. बायकोला दाराशी सोडून नवरा चहाला पळतो, त्याला मी टपरीवरून बोलावून आणते.

सलीमभाई गॅरेजवाले मात्र आत येऊनही ऐकेनात. बायको नसरीन मान खाली घालून बसलेली, आणि हे म्हणतात, "मॅडम, मेरेमें कुछ खराबी नहीं. इसका देखो."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सलीमभाई, गाडी स्टार्ट होत नसली तर तुम्ही नुसतं मागचं चाक बघता का?"

सलीमभाईंनी खरोखर विचार केला. "नहीं, पहले प्लग देखता हूँ."

"मग जा, प्लग दाखवून या!"

त्यांचा रिपोर्ट चांगला आला. नसरीनचा थायरॉइड बिघडलेला निघाला. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, हे तिला तीनदा सांगितलं होतं. दोन महिन्यांनी कळलं, बाई ती चहाबरोबर घेतेय! "खाली चाय तो पेट में गिनते नहीं ना सिस्टर," असं मलाच समजावून सांगत होती.

तेव्हापासून सलीमभाई रोज सकाळी हातात घड्याळ धरून चहाच्या पातेल्यापाशी उभे असतात म्हणे.

*

म्हसावदच्या मनीषाला तीन-तीन महिने पाळी यायची नाही. सासूबाई तिचं कौतुक करत आल्या. "मन्ही सून भलती गुणी शे मॅडम. काही कटकट नही. तीन महिना सैपाकघर चालू!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मनीषाला पीसीओडी होता. बीजच वेळेवर तयार होत नव्हतं. औषधं लिहून दिली आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं.

आता खेड्यात सुनेनं उगाच चालायचं म्हणजे काय सोपं आहे? पहिल्याच दिवशी चार जणींनी विचारलं, "कोठे चालनी वं? कोण आजारी शे?" दुसऱ्या दिवसापासून पोरीनं हातात दुधाचा रिकामा कॅन घेतला. कॅन दिसला की कोणी काही विचारत नाही!

महिनाभर सासूबाईंनी बघितलं. मग म्हणाल्या, "रिकामा कॅन कितला दिन फिरावशी? येताना दूध तरी ली ये!"

आमच्या बाकाचा एक न लिहिलेला नियम आहे, इथे पेढे वाटायचे नाहीत. जिला दिवस राहतात ती डबा माझ्याकडे देते आणि मागच्या दाराने जाते. बाकीच्यांच्या जिवाला लागू नये म्हणून. हा नियम एकदाच मोडला. मनीषा धावत आली आणि बाकावरच्या प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवत म्हणाली, "उनी! बरोबर अठ्ठावीस दिनम्हा उनी!"

पाळी आली म्हणून पेढे वाटणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. सगळ्यांनी पेढा खाल्ला.

*

आता लता. लोणखेड्याची. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सासू नाही, नवरा योगेश कारखान्यात शिफ्टला, म्हणून सासरे आप्पा तिला गाडीवर बसवून आणायचे आणि बाकाच्या टोकाला टोपी मांडीवर ठेवून बसायचे. सासरे असूनही बाकावरच्या बायकांना त्यांचा संकोच वाटत नसे, इतका तो माणूस साधा.

लताला लहानपणी टीबी झाला होता. त्यानं दोन्ही गर्भनळ्या बंद झालेल्या. मॅडम म्हणाल्या, "आता दोन वाटा. दत्तक घ्या, नाहीतर टेस्ट ट्यूब. इंजेक्शनं आणि सोनोग्राफी आपण इथे करू, पुढचं सुरतला."

लताला टेस्ट ट्यूब करून बघायचं होतं. योगेशही तयार होता. पण आप्पा काउंटरपाशी येऊन अडून बसले. "लॅबमजारलं पोर? ते आमनं कसं व्हई?"

लता कधी सासऱ्यांसमोर मान वर करून बोललेली नाही. त्या दिवशी बोलली. "आप्पा, आपनी केळी कोठली शे?"

"टिश्यू कल्चरनी."

"ती रोपं कोठे बनतस?"

"लॅबम्हा."

"मंग केळी आपनी नही का?"

अख्खा बाक हसला! आप्पाही हसले. मग टोपी सारखी करत मला म्हणाले, "पण ताई, हजार रोपं लावतस, त्याम्हानी काही मरतसच. तठे परत दुसरं रोप लावनं पडस. नांग्या भरनं म्हणतस आम्ही."

मॅडम आतून म्हणाल्या, "इथेही तसंच आहे आप्पा. पहिल्या वेळी जमेलच असं नाही."

सुरतहून परत आल्यावर लताला घरात कोणी तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. योगेश भांडी घासायचा, आप्पा अंगण झाडायचे. लोणखेडाभर चर्चा!

चौदा दिवसांनी रिपोर्ट आला. नाही जमलं. तो कागद मीच तिच्या हातात दिला. लता रडली नाही. नसरीननं आपल्या डब्यातला घास तिच्या तोंडाशी धरला. आप्पा मात्र लहान मुलासारखे रडले. "पुरे आते," म्हणाले. "पोरनं अंग सुयास्नी चाळनी व्हयी गयं. आमले काही नको. हाई पोर शे, इतलंच खूप शे."

इतक्या मायेनं म्हटलेलं ते "पुरे" ऐकून लता उठली आणि गाडीवर जाऊन बसली. पुढे सहा महिने दोघं फिरकली नाहीत. तिची फाइल मी बंद फाइलींच्या कपाटात ठेवली नाही, हाताशी ड्रॉवरमध्येच ठेवली.

*

परवा सकाळी दार उघडते तो पायरीवर लता उभी! मागे आप्पा, पायांना चिखल तसाच.

"ताई, तारीख द्या," लता म्हणाली.

मी आप्पांकडे बघितलं. पुन्हा "पुरे" म्हणतात की काय? आप्पा फरशीकडे बघत बोलू लागले.

"पहाटपासीन केळीम्हा नांग्या भरी ऱ्हायंतूत. हाई पोर मन्हा हातम्हा एकेक रोप दी ऱ्हायंती. मधमाच हिनी इचारं, 'आप्पा, पहिलं रोप मरनं तं तुम्ही वावरले पुरे म्हणतस का?'"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणसू, ताई? हातमजारलं रोप लावं, आनी गाडी काढी."