मॅक्रोतली तिसरी अट

आज सकाळी मल्लिनाथकाकांना मी कारखान्याच्या यादीतून डिलीट केलं.

काका जाऊन सोळा दिवस झाले. यादीचं काम माझंच, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलताही आलं नाही.

पण आधी काका कोण ते सांगते, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी त्यांना पाहिलेलं नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात काका टाइमकीपर, म्हणजे हजेरी ठेवणारे. गाव दुधनी. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायचे आणि समोरच्याला सगळं कळतंय असं धरून चालायचे.

चौपन्नाव्या वर्षी मोबाईलवर व्हिडिओ बघून एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहायला शिकले. व्हेरिएबलना नावं घरच्या म्हशींची. गंगी म्हणजे चालू ओळ, चंद्री म्हणजे शेवटची ओळ.

मी जेऊरहून आलेली, पदवीवाली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पहिल्या दिवशी त्यांचा कोड बघून मी हसले. दुसऱ्या दिवसापासून माझा बघून ते हसायला लागले.

दर महिन्याला गेटवर कामगारांची यादी जाते. यादीत नाव नसेल तर वॉचमन आत सोडत नाही. काम सोडून गेलेल्यांच्या ओळी काढायचा मॅक्रो मी लिहायला घेतला.

अटी दोन. तीस दिवस गैरहजर, आणि रजेचा अर्ज नाही.

पहिल्यांदा चालवला तर काढायच्या ओळींपैकी बऱ्याच तशाच राहिल्या. काकांनी खुर्ची ओढली.

"वरनं खाली चाललीस की तू. पंगतीत एक उठला की शेजारचा सरकून त्याच्या पानावर बसतो. वाढनारा फुडं जातो. सरकलेला ऱ्हातो उपाशी."

एक ओळ काढली की खालची तिच्या जागी सरकते आणि तपासायची राहून जाते; म्हणजे शेवटच्या ओळीपासून वर यायचं. आमच्या कोर्सच्या सरांना हेच सांगायला दोन लेक्चर लागली होती, आणि तरी मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी 'अँड'च्या जागी 'ऑर' टाकलं. दोन्हींतली एक अट लागू झाली तरी माणूस बाद.

आता आमच्याकडे रजेचा अर्ज देतंय कोण? शेजारच्या मागावरच्या माणसाला "गावाला चाललोय" म्हटलं की झाली रजा. त्यामुळे अख्खा कारखाना उडाला. उरलो अर्ज देणारी आम्ही ऑफिसातली नऊ माणसं.

मॅक्रोने उडवलेलं अनडू करून परत येत नाही, हे ज्ञानही त्याच दिवशी मिळालं. मी रडायच्या बेतात. काकांनी शांतपणे खिशातून पेनड्राईव्ह काढला. फाईल माझ्या हाती देण्याआधीच त्यांनी तिची कॉपी करून ठेवली होती. एवढा माझ्यावर विश्वास.

तिसऱ्या वेळी मॅक्रो बिनचूक चालला. मी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

आणि खरी चूक तीच निघाली.

शिलाई विभागातली नरसम्मा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. शेजारणीला सांगून गेली होती, म्हणजे तिच्या मते रीतसर. चाळीस दिवसांनी डबाभर लाडू घेऊन आली, तर वॉचमनने अडवलं. यादीत नावच नाही. अकरा वर्षं त्याच गेटमधून आत जाणारी बाई सायकल स्टँडवर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

काका स्वतः जाऊन तिला आत घेऊन आले. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण त्यांनी लाडवांचा डबा माझ्यापुढे सरकवला.

लाडू खाता खाता त्यांनी शीटमध्ये एक नवा कॉलम टाकला. 'फोन केला?'

"तिसरी अट घाल. फोन करून इचारल्याबिगर कुनाची वळ काढायची न्हाय."

तेव्हापासून दर महिन्याला माझे फोन सुरू झाले. गंमत म्हणजे फोन गेला की निम्मे लोक दोन-चार दिवसांत कामावर हजर. आपल्याला कुणीतरी विचारलं, एवढंच त्यांना पुरत असावं.

गेल्या महिन्यात छातीत दुखतंय म्हणून काका घरी निघाले. मी म्हटलं, अर्ज देऊन जा. तर म्हणाले, दोन दिवसांचं काम, त्याला अर्ज कशाला.

अर्जासाठी सगळ्यांच्या मागे लागणारा माणूस हा.

दोनाचे वीस दिवस झाले आणि मग दुधनीहून बातमी आली.

आज सकाळी मॅक्रो चालवला. काका तीस दिवसांहून जास्त गैरहजर. अर्ज नाही. तरी त्यांची ओळ जागच्या जागी. फोनचा कॉलम रिकामा होता.

नुसतं 'हो' टाइप केलं असतं तरी चाललं असतं. काय झालंय ते सगळ्यांनाच माहीत होतं.

पण मी इतरांच्या वेळी करते तेच केलं. ओळीतला नंबर लावला. काकांचाच नंबर. बंद असेल अशी खात्री होती.

दुसऱ्या रिंगला काकूंनी उचलला.

"काकू, यादी करतेय. काका आता कामावर येणार नाहीत ना, एवढंच विचारायचं होतं."

बोलून गेले आणि वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

काकू चक्क हसल्या.

"दवाखान्यात सांगून ठिवलं होतं की त्येनी. हाफिसातनं पोरीचा फोन यील, बंद करून ठिवू नको म्हून. रोज चार्जिंगला लावतीया मी."

मग म्हणाल्या, "न्हाईत येनार. लिव तू."

मी 'हो' लिहिलं. मॅक्रो पुन्हा चालवला.

फोन आता बंद केला तरी चालेल, असं मी काकूंना सांगितलं नाही. काकांचा नंबर वहीत उतरवून घेतलाय. पुढच्या महिन्यात पुन्हा लावणार आहे.

काका, यादी वेळेत गेली. सकाळच्या पाळीत गेटवर कुणी अडलं नाही.

तुम्ही निवांत राहा. माझा नमस्कार.