‘नाही’ची जागा

“आज नाही म्हणेल ना गं ती?”

टेपरेकॉर्डरचं बटण दाबण्याआधी काकू हे विचारायच्याच. विचारताना पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत सोडायच्या नाहीत. ‘ती’ म्हणजे दोनेकशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी प्रेमकथेतली नायिका. तिची गोष्ट काकूंना तोंडपाठ होती. तरी या खेपेला पोरगी कच खाईल, अशी धास्ती त्यांना दर वेळी वाटायची.

असं काळजीखोर माणूस तुमच्याही शेजारात असेल. गॅस बंद केला का, म्हणून जिन्यातून परत फिरणारं. आमच्या काकू शेजाऱ्यांच्या गॅससाठीही परत फिरायच्या. काका नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते. त्यांना पाळीवरून यायला जरा उशीर झाला की काकू गॅलरीत उभ्या. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना हसायचे, मीही हसायचे.

नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या परदेशातल्या मावशीनं त्या कादंबरीच्या कॅसेट पाठवल्या. इंग्रजीत, थोडक्यात सांगितलेली गोष्ट. भिंतीपलीकडून आवाज ऐकून काकू आल्या. इतकं गोड कोण बोलतंय, म्हणाल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, म्हणून मेथी निवडता निवडता मी ती गोष्ट मराठीत सांगितली. मग पुन्हा सांगितली. शेवटी रोज सांगून घसा बसायला लागला, तेव्हा कोऱ्या कॅसेटवर माझ्याच आवाजात भरून दिली. बग्ग्या, नाचाचे समारंभ, प्रेमपत्रं, सगळं मराठीत. काकू खूश झाल्या.

अडलं ते एका ‘कझिन’पाशी. हा कझिन नायिकेला मागणी घालतो आणि ती नकार देते. तोंडी सांगताना मी त्याला नुसता ‘नात्यातला एक’ म्हणायचे, टेपवर सरळ ‘चुलतभाऊ’ म्हटलं होतं. काकूंनी टेपच बंद केला. चुलतभाऊ मागणी घालतो, त्या घरात शहाणं माणूस कुणी नाही का, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजांच्या चालीरीती मी समजावून पाहिल्या, पण छे. तेव्हा मी तेवढा भाग पुन्हा भरला आणि चुलतभावाचा आतेभाऊ केला. आतेभावाशी लग्न आपल्याकडे चालतं, कित्येक घरांत तर तो आत्याचा हक्कच मानतात. मी स्वतःवर भलतीच खूश होते. काकूंनी ते ऐकलं आणि अर्धी निवडलेली मेथी तशीच टाकून घरी गेल्या.

कारण मला मंजूनं सांगितलं. मंजू म्हणजे काकूंची एकुलती एक. निफाडकडच्या तिच्या आत्यानं आपल्या मुलासाठी तिला मागितलं होतं. मुलगा चांगला, घरची द्राक्षबाग. काकांनी जवळजवळ शब्दच दिला होता, बहिणीला नाही कोण म्हणणार? मंजूला मात्र नर्सिंगला जायचं होतं, आणि लहानपणापासून ती त्याला भाऊच मानत आलेली. हे तिनं फक्त आईला सांगितलं होतं. आणि आई कशी, तर नणंदेनं ताटात वाढलेला जास्तीचा भातसुद्धा नको म्हणू न शकणारी.

त्यानंतर ती कॅसेट काकूंच्याच घरी राहायला गेली. तो नकार त्या पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकायच्या. व्हायचं तेच झालं. एका दुपारी कॅसेट घेऊन आल्या, आतली फीत टेपनं चावलेली. मी पेन्सिल घालून गुंडाळली, लावून पाहिली. आतेभाऊ विचारतो, मग नुसती खरखर, आणि मग गोष्ट पुढे. नेमकं ‘नाही’ गेलं होतं. काकूंचा चेहरा पांढरा पडला. उद्या पुन्हा भरून देते, म्हटलं मी.

“उद्या वन्सं यायच्यात,” काकू म्हणाल्या.

मला त्यांनी पोहे करायच्या निमित्तानं बोलावून घेतलं होतं. आत्याबाई साडी आणि साखर घेऊनच आल्या. बसल्या बसल्या तारखेचं काढलं. काका फरशीकडे बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारात मंजू, तिच्यामागे मी, हातात पोह्यांची ताटली. काकूंचा पदर आता बोट सोडून अख्ख्या मुठीला गुंडाळला गेला होता. माझ्या कानात ती खरखर सुरू झाली.

“वन्सं, नाही,” काकू म्हणाल्या. मग घाबरून, “चहा घ्याल ना?”

आत्याबाईंनी चहा घेतला नाही. त्या पुन्हा आल्याही नाहीत. काकांनी कितीतरी दिवस काकूंशी बोलणं टाकलं. भाऊबीजेला एकटे निफाडला जायचे आणि गप्प होऊन परतायचे. मंजू नर्स झाली, पण काकूंची काळजी काही सुटली नाही. मी यांची बहीण तोडली का गं, असं मला कितीदा विचारायच्या. मी नाही म्हणायचे, त्यांना पटायचं नाही. कॅसेट मात्र दुरुस्त करू दिली नाही. “राहू दे. तिथं मीच म्हणते,” म्हणाल्या. आणि खरंच म्हणायच्या. खरखर आली की हळूच ‘नाही’, आणि लगेच नजर काकांच्या खुर्चीकडे. खुर्चीवर कायम पेपर उघडलेला असायचा, त्यामागचं माणूस दिसायचं नाही.

पुढे सीडी आल्या. मंजूनं पगारातून प्लेअर घेतला, त्याच कादंबरीच्या निरनिराळ्या सांगण्यांच्या सीडी आणल्या. एकीत गोष्टीमागे पियानो वाजायचा, दुसरीत एकच बाई सगळ्यांचे आवाज काढायची. मी शेजारी बसून अर्थ सांगायचे, काकू डोळे मिटून ऐकायच्या. पण नवी सीडी लावताना पहिला प्रश्न हाच, की या बाईनं शेवट बदलला नसेल ना? आणि तिथली नायिका नकार देताना लांबलचक, अदबीनं बोलायला लागली की काकू अस्वस्थ. एवढं कशाला बोलायचं, तेवढ्यात कुणीतरी मन वळवेल तिचं, म्हणायच्या. मग पुन्हा आमची जुनी कॅसेट.

काकूंनी साऱ्या कॉलनीची काळजी वाहिली, आपल्या छातीत दुखतंय हे मात्र कुणाला सांगितलं नाही. मला त्यांचा राग आला होता. अजून येतो.

त्या गेल्यावर काही दिवसांनी मंजूनं मला बोलावलं आणि ती कॅसेट लावली. काका नेहमीसारखे खुर्चीत, पेपर उघडलेला. माझा तरुण आवाज बोलत राहिला. आतेभावानं विचारलं. खरखर सुरू झाली. मंजूनं ओठ घट्ट मिटले होते. कुणी बोललं नाही तर ही पोरगी तशीच दिली जाईल, अशी वेडी भीती मला वाटली.

पेपर खाली न करता काका म्हणाले, “नाही.”